दोन पोती ज्वारी, पीठ नाही

टाळेबंदी लागणार अशी आवई उठली तेव्हा सगळं सोलापूर तांदूळ, तेल, पीठ, हाताला लागेल ते पिशवीत कोंबत होतं आणि मी जिन्यात उभा राहून लोकांना हसत होतो. माझ्या घरात मालदांडी ज्वारीची दोन भरलेली पोती होती. घरात दोन पोती असलेला माणूस कसा बोलतो, ते माझ्या बायकोला विचारा.

खालच्या मजल्यावरचे शेजारी गिरणीतून दोन मोठे डबे पीठ दळून आणताना दिसले. मी त्यांना पायरीवरच अडवलं. "अहो, ज्वारीचं पीठ आठवड्याच्या वर ठेवतात होय? विरी जाते त्याची. चिकटपणा राहत नाही. थापायला घेतली की भाकरीचे तुकडे!" ते बिचारे "व्हय का?" म्हणून आत गेले. माझं बोलणं शंभर टक्के खरं होतं. म्हणूनच तर मी आठवड्यापुरतीच ज्वारी दळून आणली होती.

ते पीठ संपलं. डबा भरून गिरणीवर गेलो, तर कुलूप. गिरणीवाला नातेपुत्याला, आपल्या गावी निघून गेलेला. दुसऱ्या गिरणीचा रस्ता पत्रे ठोकून बंद केलेला. किराणा दुकानात पिठाच्या फळीवर नुसती धूळ. भरला डबा घेऊन तसाच घरी आलो.

आमचं भातावर भागलं असतं. प्रश्न आईचा होता. जन्मभर भाकरी खाल्लेली बाई. भाताला ती जेवण समजत नाही. दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. "भूक न्हाय रं मला." असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातून येताना तिनं भिंत धरली.

मी मिक्सर काढला. ज्वारी फिरवली. जळका वास आला आणि रवा निघाला. बायको म्हणाली, "आता हा मिक्सरही घालवा. तुमच्या पोत्यांवर बसून हवा खाऊ." मग जरा थांबून, "खाली जा की. त्यांच्याकडं पीठ आहे."

"त्यांच्याकडं?"

"मग काय, कलेक्टर आणून देणार आहेत?"

तोंडाला मास्क बांधून, एका हातात रिकामं लहानसं पातेलं आणि दुसऱ्या हातात बदल्यात द्यायची ज्वारी घेऊन मी खाली उतरलो. एवढा हळू मी रुग्णालयाचा जिनाही कधी चढलो नव्हतो. शेजाऱ्यांनी दार उघडलं, पातेल्याकडे पाहिलं.

"काय ओ साहेब, पीठ? आमचं लई शिळं हाय, बरं का. विरी गेली आसंल."

"आईला पाहिजे होतं," मी म्हणालो.

त्यांचा चेहराच बदलला. "आधी सांगायचं न्हाय व्हय? मावशी उपाशी हायेत आन् तुमी दारात उभं राहून लाजताय?" त्यांनी पातेलं शिगोशीग भरून पायरीवर ठेवलं आणि लांब सरकून उभे राहिले. ज्वारी काही घेईनात.

आणि खरंच विरी गेली होती. पहिली भाकरी परातीतच दुभंगली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी, म्हणजे ज्यानं हे आधीच सांगितलं होतं तो, खिडकीबाहेर पाहू लागलो. तेवढ्यात शेजारीणबाईंची खालून हाक आली, "वैनी, उकळत्या पाण्यात मळा, म्हंजे तुटत न्हाय!"

बायकोनं आधण ठेवलं. दुसरी भाकरी कडेला थोडी चिरली, पण तव्यावर अख्खी पोहोचली. आईनं ती आमटीत कुस्करली, एक घास घेतला, मग दुसरा. मी समोरच बसलो होतो. तिनं ताट निपटलं, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "पीठ जरा जुनं हाय. पण चालंल. आजून एक घाल म्हणावं तिला. आन् उद्याचं काय?"

उद्याचं काय, ते मला ठाऊक होतं: पुन्हा खालचंच दार. रिकामं झालेलं पातेलं मी स्वतःच घासून पालथं घातलं.