म्हाताऱ्याचा लांबवलेला व्हिडिओ

बायांनो, आज आमच्या म्हाताऱ्याचं वर्षश्राद्ध झालं. त्याचा बोलता व्हिडिओ एकच, तोही एवढासा. जेवताना माझ्याकडे बघून म्हणतो, "आमटीत मीठ कुठाय गं?" आणि संपतो.

नात अंधेरीला एडिटिंगचं काम करते. तिने एआय लावून तो लांब केला आणि आज सगळ्यांसमोर टीव्हीवर लावला. वाढवलेल्या भागात म्हातारा गुमान जेवतो, मान डोलावतो, माझ्याकडे बघून गोड हसतो. पाहुणे रडायला लागले.

मी म्हटलं, "हा कोण बाबा? आमचा तर मीठ मिळेपर्यंत घर डोक्यावर घ्यायचा."

"आजी, पण किती छान दिसतायत आजोबा."

"म्हणून तर म्हणते, हा तो नव्हे. पुढचं पुसून टाक."

पोरीचं तोंड उतरलं. मेहनत घेतली होती तिने. पण तिची लेक टीव्हीला हात लावून "पणजोबा हसले" म्हणत होती. ती आता हाच म्हातारा लक्षात ठेवणार.

तुम्ही पुसायला लावलं असतं का, सांगा.

सकाळी त्याचं पान वाढताना मी सवयीने बाजूला जास्तीचं मीठ ठेवलं होतं. टीव्हीतल्याने ते पुन्हा मागितलंच नाही.