अडुसष्टावे मामा

आधी चहा संपवा. मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही मला तुमच्या घरच्या लग्नाला बोलवाल की नाही, याची मला शंकाच आहे. बोलवालही कदाचित, पण कामाला हात लावू देणार नाही.

मला एक खोड आहे. कुणाकडे मोबाइल किंवा कॉम्प्युटर दिसला की 'हे टाकून बघा, एकदम भारी आहे' असं म्हटल्याशिवाय मला राहवत नाही. तेव्हा मी परतूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि खिशात पेनाऐवजी फ्लॉपी घेऊन हिंडायचो. एका हेडमास्तरांना माउस धरायची सवय व्हावी म्हणून पत्त्यांचा खेळ लावून दिला, तर शाळेतले दाखले आठ दिवस निघाले नाहीत. शेजारच्या वहिनींना मोबाइलवरचा सापाचा खेळ दाखवला, तर त्यांची भाजी दोनदा करपली. एकाला कॉम्प्युटरमधला कचरा काढणारा प्रोग्राम दिला. त्यानं इतका कचरा काढला, की आत काही उरलंच नाही.

पण माझा सगळ्यात लाडका होता तक्त्यांचा प्रोग्राम. उभ्या-आडव्या चौकटी, त्यात नावं भरायची. आणि वर एक एवढंसं बटण, त्यावर ए, खाली झेड, बाजूला बाण. दाबलं की सगळी नावं ए पासून झेडपर्यंत रांगेत उभी! आमच्या पीटीच्या सरांना शिट्ट्या फुंकून जे कधी जमलं नाही, ते हे बटण डोळ्याचं पातं लवायच्या आत करायचं. मी ते कुणालाही दाखवायचो. समोरच्याला बघायचं आहे की नाही, हे कोण विचारतो?

तर झालं असं. टेंभुर्णीला माझ्या काकांच्या मुलीचं, नंदाचं लग्न ठरलं. आमच्याकडे मुहूर्ताच्या आधी मानाच्या पाहुण्यांची नावं माइकवरून पुकारतात आणि त्यांना टॉवेल-टोपी देतात. कुणाचं नाव कितवं, याला फार महत्त्व. त्यावरून रुसलेले लोक पुढची दहा लग्नं रुसून काढतात.

काकांनी मला वही दिली. "अंकुश, लई गिचमिड झाली बघ. पवार सरला माइकवर वाचता आली पाहिजे. जशी हाय तशी उतरव. आन शेवटी तुझं बी नाव टाक. लई राबून राह्यलास."

वही घेऊन मी परतूरला आलो. पहिलं नाव नंदाच्या मामांचं, यादवरावांचं. त्यापुढे मात्र नुसती खाडाखोड. एखादं नाव खालून बाण मारून वर नेलेलं, एखादं वरून खाली आणलेलं. मी मनात म्हटलं, या यादीला काही शेंडा-बुडखा नाही. ती खाडाखोड म्हणजे काका-काकूंनी आठ दिवस समोरासमोर बसून केलेला विचार होता, हे मला कसं कळावं? म्हणजे, विचारलं असतं तर कळलं असतं.

नावं इंग्रजी अक्षरांत भरली, कारण तेव्हा मराठी अक्षरं एका कॉम्प्युटरवर नीट दिसायची आणि दुसऱ्यावर नुसत्या फुल्या. शेवटी स्वतःचं नाव टाकलं. आणि दाबलं बटण.

काकांनी छापलेला कागद हातात घेतला, त्यावरून हात फिरवला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"देखणी झाली रे. सगळे आलेत ना?"

"सगळे. अडुसष्ट."

"कोणी सुटलं न्हाई?"

"बिलकुल नाही."

त्या सगळ्या कामात एवढं एकच बरोबर होतं.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरलेला. पहिल्या रांगेत मधोमध यादवराव मामा, कडक इस्त्रीचं धोतर, खांद्यावर उपरणं. पवार सरांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि कागद उघडला. "मानाचं पहिलं नाव... श्री. अंकुश!"

मी तेव्हा पाण्याचं पिंप ढकलत होतो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, काकांनी कष्टाची जाण ठेवली. हात पुसत वर गेलो, टोपी घालून घेतली, आणि खाली येताना मामांच्या पायाही पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. गर्दीत लक्ष नसेल, असं मला वाटलं.

दुसरं नाव अशोकरावांचं. हे काकांचे इतके लांबचे पाहुणे, की ते स्वतःच इकडे-तिकडे बघायला लागले. तिसरा बबन आचारी, तो बेसनाच्या हातानं आला. चौथा बाबू टेंपोवाला. तेव्हा माझ्या डोक्यात ते बटण पेटलं. ए, ए, बी, बी... आणि यादवराव इंग्रजीत कुठे येतात, हे मी क्लासमध्ये रोज पोरांना शिकवत होतो.

मामा उठले. उपरणं झटकलं आणि मांडवाबाहेर चालायला लागले.

काका माझ्याजवळ आले. "यादवराव कितवा हाय रे?"

"अडुसष्टावा."

काका खुर्चीवर बसले. नवरीला हात धरून बोहल्यावर आणायचं ते मामांनी, अंतरपाटाच्या वेळी तिच्या मागे उभं राहायचं तेही मामांनी. मुहूर्त अर्ध्या तासावर आला होता आणि मामा टेंपोकडे निघाले होते. आतून नंदाचा रडवेला आवाज आला, "अंकुशदादा, मामा आल्याबिगर मी उठणार न्हाई." मला इतकी शरम वाटली, की टॉवेल हातात होता म्हणून तोंड तरी लपवता आलं.

मामा टेंपोत पुढच्या सीटवर बसले होते. नव्या टोपीतला बाबू दाराशी उभा.

"बाबू, गाडी काढ. जल्दी."

"मामा, रोजची गोष्ट येगळी. पर आज माझा बी मान झालाय. नवरीला बोहल्यावर चढू द्या, मंग काढतो."

मी पुढे झालो. "मामा, मी मुद्दाम न्हाई केलं. मशीनचं बटण दाबलं आन नावं उलटीपालटी झाली."

"मशीनला मान कळत न्हाई, मान्य," मामा म्हणाले. "तुला बी कळत न्हाई? तू तर माझ्या खांद्यावर बसून जांबेची जत्रा पाह्यल्ती."

तेव्हाच मामांचे पाय धरायला हवे होते. पण खोड म्हणतात ती ही. अशा वेळीही माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, दुसरं बटण बी हाय. झेडपासून एपर्यंत. लई भारी हाय."

बाबूनं कपाळाला हात लावला. मामांनी मात्र पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"त्यानं काय व्हतं?"

"तुम्ही पहिले. मी शेवटी."

"आन ते दाबायला तू आता परतूरला जाणार?"

"न्हाई. सरांना तोच कागद खालून वाचायला लावतो."

मामा बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं आणि मी टोपी काढली.

"नंदीसाठी येऊन राह्यलो," मामा खाली उतरत म्हणाले. "तुझ्या बटणासाठी न्हाई."

पवार सरांनी कागद खालून वाचायला घेतला. पहिला मान यादवराव मामांचा. मधली मंडळी कुठे वर गेली, कुठे खाली, पण मामाच परत आल्यावर दुसऱ्या कुणाला रुसायला तोंड उरलं नाही. दहा-बारा मान झाले आणि मुहूर्त आला. नंदा मामांचा हात धरून आली आणि लग्न लागलं. माझा जीव भांड्यात पडला.

उरलेली नावं नंतर वाचली. माझं आलं तेव्हा पंगती बसल्या होत्या आणि मांडवात माइकवाला वायरी गुंडाळत होता. काकांनी तीच टोपी माझ्या डोक्यावर घातली, जरा दाबूनच. म्हणाले, "जशी हाय तशी उतरव, म्हन्लं व्हतं."

दोनेक वर्षांनी मामांनी मोबाइल घेतला आणि सरळ माझ्याकडे आले. मी खूश. "मामा, सापाचा खेळ दाखवू? एकदम..."

"खेळ ठेव तुझ्यापाशी. हे बघ." मामांनी नावांची यादी उघडली. सगळ्यात वर मी. "मांडवात पहिल्या मानावरून उठवलं तुला, तर इथं येऊन बसलास?"

मी समजावलं, फोनची यादीही ए पासूनच लागते. पण त्यावर एक युक्ती आहे. ज्याला वर आणायचं त्याच्या नावाआधी ए लावायचा, ज्याला खाली पाठवायचं त्याच्या नावाआधी झेड. लई भारी युक्ती हाय, मामा, करून बघा.

मामांनी ती लगेच करून घेतली. स्वतःचा नंबर स्वतःच्याच फोनमध्ये, ए लावून, पहिला. मग फोन माझ्या हातात देऊन समोर बसून राहिले. मी माझ्याच बोटानं माझ्या नावाआधी झेड दाबला. मामांनी यादी तळापर्यंत उतरवून बघितली आणि म्हणाले, "आता बराबर बसलं."