साहेबांच्या टेबलावर नारळ नव्हता

आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे माझा आवाज मुळात चढा. मी हळू बोलले तरी शेजारणीला ऐकू जातं, असं घरचे म्हणतात. त्या दिवशी ग्रामपंचायतीत तो आवाज मी पुरेपूर वापरला आणि उपयोग शून्य झाला. त्याचा राग अजून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

पावसच्या अलीकडे आमची वाडी, आणि वाडीच्या डोक्यावर सडा. सडा म्हणजे उघडा कातळ, लांबवर पसरलेला. उन्हाळ्यात बघाल तर काळा, करपलेला. म्हणून सरकारी कागदावर तो पोटखराब, म्हणजे कशाच्याच उपयोगाचा नाही. पण पावसाळ्यातलं पाणी त्याच कातळाच्या भेगांतून मुरतं आणि खाली आमच्या विहिरीला येतं. वाडीत नळ आहेत, नळाला पाणी नाही. मे महिन्यात सगळी वाडी त्या एका विहिरीवर जगते.

नव्या नियमावलीत गावाच्या जमिनीचे पट्टे पाडायचे होते. इथे शेती, इथे घरं, इथे कारखाने. नकाशावर आमचा सडा जांभळा रंगवलेला होता आणि जांभळा म्हणजे कारखाने. मी तो नकाशा मोबाइलवर मोठा करून घरोघर दाखवला. सगळे भडकले. यावर ग्रामपंचायतीत सरकारी सुनावणी होणार होती, तिला झाडून सगळ्यांनी जायचं आणि ठणकावून विरोध करायचा, असं ठरलं. बोलणार अर्थातच गावकर. गावकर म्हणजे देवळाचे पहिले मानकरी, ऐंशीच्या घरातले, ताठ.

आमच्या गावात एक रीत आहे. चारचौघांत पहिला शब्द गावकरांचा, आणि त्यांना विचारायचं तर पुढ्यात नारळ ठेवून. ते बोलल्यावर बाकीच्यांनी तोंड उघडायचं. मी दापोलीकडच्या मुरुडची, लग्न होऊन इथे आले तेव्हा मला याचं कौतुक वाटायचं. किती शिस्त, कोणी कोणाचं बोलणं तोडत नाही. कौतुक कसलं!

सुनावणीला सभागृह भरलं होतं. बायका खाली सतरंजीवर, गावकर पुढच्या खुर्चीत. सुनावणी घेणारे सरकारी साहेब उशिरा आले, घाईघाईत नकाशा दाखवला आणि कोणाची काही हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं.

कोणी हूं की चूं केलं नाही. सगळे गावकरांकडे बघत होते आणि गावकर टेबलाकडे. टेबलावर पाण्याच्या बाटल्या होत्या, बिस्किटांची बशी होती, नारळ नव्हता. साहेब बाहेरचे, त्यांना काय ठाऊक? आणि सांगणार कोण? गावकरांनी स्वतः सांगणं म्हणजे मान मागून घेणं, आणि दुसऱ्यानं सांगायचं तर त्यांच्याआधी बोलावं लागणार. घरोघर बोंबलत फिरणारी शंभर माणसं एका नारळासाठी मुकी झाली होती. साहेबांनी पुन्हा विचारलं, घड्याळ बघितलं आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, हरकत नाही, असं लिहा.

मी उभी राहिले.

"लिहू नका. हरकत आहे."

मग मी थांबलेच नाही. पोटखराब कोणी ठरवलं, ते विचारलं. सड्याचं पाणी विहिरीला कसं येतं, ते सातवीच्या पोरांना समजावते तसं समजावलं. मे महिन्यात या आणि कळशी घेऊन आमच्या रांगेत उभे राहा, तेव्हा कळेल कातळ कशाला लागतो, असंही सुनावलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग फार गोड आवाजात विचारलं, की हे आपलं मत की गावाचं?

मी मागे वळले. "सांगा की यांना!"

शंभर माना खाली. तेवढ्यात काठी वाजली, गावकर उठत होते. माझा जीव भांड्यात पडला. ते उठले, आणि साहेबांकडे नाही, माझ्याकडे वळले.

"सूनबाय, गावात पयला बोलना आमचा. इतकी वर्सा झाली, तुला ह्या ठाव नाय?"

झालं. लोकांना वाचा फुटली ती यावर. बाईमाणसानं मध्ये बोलावं का, रीत मोडली की नाही, देवाला काय सांगायचं. सडा राहिला बाजूला. साहेबांना पुढच्या गावाला जायचं होतं. एका महिलेची हरकत, ग्रामस्थांची हरकत नाही, असं लिहून घेऊन ते निघून गेले. मी गावकरांना पायरीवर गाठलं आणि वयाची भीडभाड न ठेवता वाट्टेल ते बोलले. ते एकच म्हणाले, रीत माझी नाही, देवाची आहे.

शिमग्याला देवाची पालखी सड्यावरच्या पायवाटेनं पलीकडच्या वाडीत जाते. यंदा त्या वाटेवर सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण. कुंपणाआडचा पहारेकरी हातानंच नाही म्हणाला. ढोल थांबले. गावकरांनी ताटातला नारळ घेतला, वाकले आणि माझ्या पुढ्यात कातळावर ठेवला.

"तू बोल. आज मान तुझा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कोणाशी बोलू, आबा? माणूस समोर बसला होता तेव्हा तुम्ही नारळाची वाट बघत होतात. आता या तारेशी बोलू?"

पालखी मागे फिरली आणि डांबरी रस्त्यानं लांबचा वळसा घालून गेली.

त्यानंतर कुंपणाच्या आत सुरुंग लावून कातळ फोडायला सुरुवात झाली. परवा विहिरीवर गेले तर रांग होती आणि काठावर गावकर बसले होते. मला बघून त्यांनी आपल्या सुनेला बाजूला व्हायला सांगितलं. म्हणाले, सूनबायला आधी भरू दे. सगळ्या बायका मुकाट्यानं सरकल्या.

मला किंचाळावंसं वाटलं. पण घरात पाण्याचा थेंब नव्हता. मी दोर सोडला. एरवी तो निम्मा हातातच राहायचा, आता सगळा संपला. कळशी तळाच्या दगडावर आपटली. तो आवाज गावकरांनीही ऐकला.