अण्णांच्या डब्याची पिशवी

दुपारी दवाखान्यातून आले, तेव्हापासून नुसती बसून आहे.

माझे वडील, अण्णा, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर होते. लिव्हर खराब झालं तेव्हा ते देवाची शपथ घेऊन सांगायचे, “मी दारूला कधी शिवलो नाही.” आम्ही कुणीच विश्वास ठेवला नाही. ते ड्युटीवरून आले की मी गुपचूप त्यांच्या डब्याची पिशवी हुंगायचे.

हिपॅटायटिस बीची साधी तपासणी तेव्हा निगेटिव्ह आली होती. आज नव्या डॉक्टरांनी विषाणूच्या डीएनएचा रिपोर्ट दाखवला. हिपॅटायटिस बीच आहे, इतकी वर्षं लपून बसलेला.

अण्णा एवढंच म्हणाले, “तुझी आई हवी होती गं आज.”

आई त्याच संशयापायी अण्णांशी अबोला धरूनच वारली.

तुमच्याही घरात कुणी अशी पिशवी हुंगतं का?