आण्णांचे मारेकरी

"आदी बारकं घे."

असं म्हणायचं आणि माऊसच्या पाठीवर बोटानं दोनदा टिचकी मारायची, झोपलेल्या मांजराला उठवल्यासारखी. ही आण्णांची सवय. आमच्या निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ते हेडक्लार्क होते. तंबाखूची धूळ इतकी, की वखारीत सगळे शिंकायचे. मालक शिंकायचे, हमाल शिंकायचे, गिऱ्हाइकं तर दारातनंच शिंकत आत यायची. आण्णा अठ्ठावीस वर्षांत एकदाबी शिंकले नव्हते. लोक म्हणायचे, सवय झालीय. मला आता वाटतं, शिंकलं की माणूस कुठं बसलाय ते कळतं, म्हणून शिंकत नसावेत.

तुमच्या हापिसात पण असलं एक माणूस असणारच बघा. बिजागरी कुरकुरली तर दाराकडंच रागानं बघणारं.

मी तिथं बिलं टाईप करायला होतो. पण माझा खरा धंदा नकलांचा. शाळेत हेडसरांच्या आवाजात "आज सुट्टी" म्हणून दोन वर्ग घरी पाठवलेला मी माणूस. वखारीत आठ दिवसांत सगळ्यांचे आवाज उचलले आणि माझं नाव 'नकल्या' पडलं. सगळ्यात भारी जमायचे मालक. ते बेळगावचे, टिळकवाडीत बंगला. आधी दोनदा घसा खाकरायचा, मग कन्नड-मराठी मिसळून हुकूम सोडायचा, आणि "आयतु, आयतु" म्हणून फोन ठेवायचा. आयतु म्हणजे झालं, ठरलं, आता पुढं बोलू नको.

दुपारी आम्ही सगळे मागच्या कट्ट्यावर डबा खायचो. आण्णा मात्र टेबलावरच बसून कंप्युटरवर जुना राजेरजवाड्यांचा गेम खेळायचे. नकाशा, किल्ले, फौजा. मला पण शिकवला त्यांनी. मी आपला ढोल वाजवत किल्ल्यावर चालून जायचो आणि दहा मिनिटांत मरायचो. आण्णा फौज काढायचेच न्हाईत.

"फौज दिसती रं," म्हणायचे.

त्यांच्याकडं हेर असायचे आणि मारेकरी. एक नवा मारेकरी तयार झाला तसा मी उड्या मारायला लागलो, "आण्णा, ह्येला सोडा की डायरेक्ट राजावर!"

"कोरा हाय अजून. धरला जाईल. आदी बारकं घे."

मग तो मारेकरी रानात तळ टाकून बसलेल्या कुठल्यातरी बिननावाच्या सरदाराला मारून यायचा. मग दुसऱ्याला. प्रत्येक कामाला त्याच्या नावापुढं एक चांदणी लागायची. चार-पाच चांदण्या झाल्या, की आण्णा आधी किल्ल्यात हेर घालायचे, आणि मग माऊसचा बाण राजावर न्यायचे. काम व्हायची शक्यता पडद्यावर दिसायची. पंच्याण्णव टक्के.

"शंभर का न्हाय दावत?"

"पाच ऱ्हात्यातच."

"आणि धरला तर?"

"आपला न्हवंच म्हणायचं."

"आन् त्येला ठावं असतंय व्हय हे?"

आण्णांनी डब्याचं झाकण काढलं. "भाकरी खातोस?" म्हणाले.

मारेकऱ्यांची नावं ते स्वतः बदलायचे. ती यादी उघडली, की डावा पंजा पडद्यावर धरायचे. नावं बघायची न्हाईत, काम बघायचं, म्हणायचे. मी म्हटलं, असंल बाबा काहीतरी नवस.

एकदा मी मालकांची नक्कल करत होतो आणि आण्णा हसले. आवाज न्हाय, नुसते खांदे हलले. "परत कर," म्हणाले. मी परत केली. दुसऱ्या दिवशी मालक बाहेरगावी होते आणि केबिनची किल्ली आण्णांकडं. ते माझ्याजवळ आले.

"नकल्या, एक बारकं काम हाय."

केबिनमधल्या इंटरकॉमवरनं शिपाईमामांना सांगायचं, दोन चहा आण्णांच्या टेबलावर. मी घसा खाकरला, हुकूम सोडला, आयतु आयतु केलं. चहा आला, वर बिस्किटं. आम्ही जाम हसलो. म्हणजे मी हसलो, आण्णांचे खांदे हसले.

पुढच्या वेळी ड्रायव्हरला, धुतलेली गाडी परत धू. त्यानं धुतली. मग पानं निवडणाऱ्या बायकांना, आज अर्धा तास लवकर जावा. त्या बिचाऱ्या मालकांना दुवा देत गेल्या. मला तर पुण्य लागल्यासारखं झालं. केबिनला रस्त्याकडनं वेगळं दार होतं, त्यामुळं मालक कधी आले, कधी गेले, कुणाला पत्ता नसायचा. इंटरकॉमवर केबिनचा दिवा लागला, की मालक.

"कुणाचं वाईट झालं काय?" आण्णांनी विचारलं.

"न्हाय."

"मग?"

त्याच दिवसांत मालकांनी बेळगावला नवं हापिस काढायचं ठरवलं. तिथं एक माणूस इन्चार्ज जाणार होता, आणि तो दिनकर असणार हे सगळ्यांना माहीत होतं. दिनकर वजनकाट्यावर होता. बेळगावला लागून असलेल्या येळ्ळूरचा. रोज दोन बस बदलून निपाणीला यायचा. निघताना त्याची पोरगी झोपलेली, पोचेपर्यंत परत झोपलेली. "रविवारी मला बघून लाजती रं ती," असं तो एकदा हसत म्हणाला, आणि मग डबा तसाच ठेवून उठला. ह्या माणसाला बेळगाव म्हणजे घर होतं.

एका सकाळी आण्णा म्हणाले, "दिनकरला बेळगावला धाड. बंगल्यावर थांब म्हणावं, मी मागनं येतो."

"कशाला?"

"गंमत." आणि टेबलावर दोनदा टिचकी.

मी केली गंमत, मालकांच्या कन्नडात 'लवकर जा' म्हणून. "हां दिनकर, बेग होगु बेळगावला, बंगल्यावर थांब. आयतु, आयतु." खिडकीतनं बघितलं तर दिनकर काट्यामागं लटकवलेला धुतलेला शर्ट घालत होता. केसाला पाणी लावून भांग पाडला. त्याला वाटलं, बेळगावचं पक्कं झालं. पळत बस धरली.

बाराला कोल्हापूरच्या पार्टीचे तीन ट्रक आले, आणि पार्टीला घेऊन खुद्द मालक. काट्यावर कुणी न्हाय. काट्याची किल्ली दिनकरच्या खिशात. आण्णा कानाला फोन लावून म्हणाले, "लागत न्हाय, मालक." पार्टी ट्रक वळवून गेली. मी टाईप करत होतो. काय टाईप केलं, देवाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी सहीची बिलं घेऊन केबिनमध्ये गेलो, तर तिथं दिनकर उभा. अंगावर तोच शर्ट, चुरगळलेला.

"तुम्हीच सांगितलासा, मालक. पोरीची शपथ घेतो."

"मी कोल्हापुरात होतो रे! वर तोंडावर खोटं बोलतोस? चल, निघ. परत पाय ठेवू नको."

आण्णा कपाटाला टेकून उभे होते. माझ्याकडं बघितलं त्यांनी. रागानं न्हाय. पडद्याकडं बघायचे तसं, टक्के वाचत.

मी बिलं टेबलावर ठेवली. मग तोंडातनं जे येतं तेच आलं. मी दोनदा घसा खाकरला. "हां दिनकर, बेग होगु बेळगावला. आयतु, आयतु."

केबिनमध्ये दोन मालक झाले.

"कुणी करायला लावलं हे?" खरे मालक म्हणाले.

मी आण्णांकडं बोट केलं.

"मला काय ठावं न्हाय, मालक," आण्णा शांतपणे म्हणाले. "लहान वय हाय. करत असत्यात चेष्टा."

दिनकर वाचला. मी त्याच दुपारी डबा घेऊन बाहेर पडलो. धरला गेलेला.

दोन महिन्यांनी दिनकरचा फोन आला. आण्णा बेळगावला इन्चार्ज झाले, हेडक्लार्कच्या खुर्चीवर आता तो. मालकांचा राग गेलाय, उद्यापासनं ये परत. मला भरून आलं. म्हटलं, वाचवलेला माणूस आपल्याला विसरला न्हाय.

गेलो. दिनकर चहा सांगायला बाहेर गेलता. आण्णांची खुर्ची, तोच कंप्युटर. गेम तसाच होता. मी मारेकऱ्यांची यादी उघडली. आता पंजा धरायला कुणी नव्हतं.

वैशाली. ती माझ्या आधी बिलं टाईप करायची, एकाएकी काम सोडून गेलती. नावावर लाल फुली, मारेकरी धरला गेला की लागती ती. गणपा. जुना शिपाई. लाल फुली. नकल्या. चार चांदण्या, लाल फुली.

माझ्या खाली अजून एक नाव होतं. फुली नव्हती. दिनकर. तीन चांदण्या.

"बरं झालं आलास," मागनं आवाज आला. दिनकर दोन चहा घेऊन उभा होता. "तुला बोलवून घे म्हणून आण्णांनीच सांगितलं बघ. लई जीव हाय त्येंचा तुझ्यावर. पुढच्या वर्षी मला बेळगावला घेतो म्हणालेत. पोरगी पहिलीत जाईल तवा."

त्यानं कप माझ्यापुढं ठेवला. मग टेबलावर बोटानं, हळू, दोनदा.

"नकल्या, एक बारकं काम हाय."

आत बायका पोती झटकत होत्या. सगळी वखार शिंकत होती. माझ्या नाकापर्यंत धूळ आली. मी शिंकायला तोंड उघडलं, आणि शिंक आलीच न्हाय.