पृथ्वी गोलच का, सांगा मास्तर

शमुवेल मास्तर अंगाने काटकुळे होते, पण मान अशी ताठ की डोक्यावरची टोपीसुद्धा तिरकी व्हायला घाबरायची. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी घोडेगावपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात, लोकल बोर्डाच्या शाळेवर त्यांची नेमणूक झाली. नगरला ट्रेनिंग घेतलेले, घराणं आजोबांपासून ख्रिस्ती. पण आपल्याकडे गावाला माणसाच्या आजोबांच्याही आधीचं ठाऊक असतं. आजोबा महारवाड्यातले, एवढं कळलं आणि गावाने पुढचं काही विचारलंच नाही.

पहिल्याच आठवड्यात निम्मी पोरं घरी बसली. उरलेली यायची ती भिंती वाटून घेऊन बसायची. पाटलांच्या भावकीतली खिडकीखाली, माळ्यांची समोरच्या भिंतीला, महारवाड्यातली दाराशी. घरून तसं बजावूनच पाठवलेलं असायचं. मधली सारवलेली जमीन कायम रिकामी, आणि त्या रिकाम्या जमिनीवर उभं राहून मास्तर भूगोल शिकवायचे.

दिवाळीपर्यंत पट भरला नाही तर शाळा बंद, असा वरून निरोप आला. बदलीचं मास्तरांना काही वाटत नव्हतं. पण ‘ख्रिस्ती मास्तर आला आणि शाळा बुडाली’ असं गावाने पुढे बोलत राहावं, हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं.

गाव ज्याच्या तोंडाकडे बघायचं तो गहिनीनाथ पाटील. बैलांचा नादिष्ट, बोलण्यात तिखट. त्याची तिन्ही पोरं घरी होती. ती शाळेत आली की बाकीची आपोआप येणार, म्हणून एका सकाळी मास्तर त्याच्या दारी गेले. पाटील चार माणसांत ओट्यावर बसला होता. मास्तरांना कोणी वर बोलावलं नाही. ते खाली अंगणात उभे राहिले, पण मान ताठच.

“मास्तर, पिरथमी गोल हाय म्हनता,” पाटील म्हणाला. “असंल. पन गोलच का? चौकोनी का न्हाई? लांबुडकी का न्हाई?”

मास्तरांच्या ओठांवर ‘देवाने’ आलंच होतं. लहानपणी चर्चमधल्या रविवारच्या शाळेत कुठल्याही ‘का’ला तेच उत्तर चालायचं.

“आन देवानं केली म्हनू नगा,” पाटलाने आधीच अडवलं. “तेवढं आमच्या देव्हाऱ्यातबी कळतं.”

“गुरुत्वाकर्षणामुळे,” मास्तर म्हणाले.

“ह्ये नाव झालं. मी कारन इचारलं.”

ओट्यावर हशा पिकला. पाटील मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, “घोडेगावच्या बैलबाजारापत्तुर सवड घ्या. पटलं तर तिन्ही पोरं शाळंत. न्हाई पटलं तर नगरची वाट धरा.”

मास्तर रागाने लाल होऊन घरी आले. राग पाटलापेक्षा स्वतःवरच जास्त होता, कारण प्रश्न बिनतोड होता. पुस्तक काढून त्यांनी बायकोला, कृपाबाईंना, वाचून दाखवलं: प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणाला आपल्याकडे ओढतो. कृपाबाई भाकरी थापत म्हणाल्या, “तुमचा कण पाटलानं कुठं पाहिलाय? त्याच्या डोळ्यांना दिसेल असं सांगा काहीतरी.”

बाजाराचा दिवस उजाडला तरी मास्तरांना तसं काही सापडलेलं नव्हतं. तोंड चुकवणं मात्र त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते घोडेगावला गेले.

बाजारात एका पांढऱ्याशुभ्र खिल्लारी खोंडाचा सौदा लागला होता. दोन व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करत होते. भाव कुणाला दिसत नव्हता, म्हणूनच सगळ्यांना बघायचा होता. मास्तरही पुढे सरकले, आणि बघता बघता गर्दीने त्यांना गिळलं. पाठीवर कुणाची छाती, बरगडीत कुणाचं कोपर. मान वळवून बघतात तर कोपर पाटलाच्या ओट्यावर हसणाऱ्यांपैकीच एकाचं! अंगणात यांची सावली टाळणारा गडी इथे यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून खोंड बघत होता, आणि त्याला त्याचं भानही नव्हतं.

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते रेटारेटी करत बाहेर आले. गहिनीनाथ पाटील आपल्या बैलगाडीत उभा राहून सौदा बघत होता.

“पाटील, तिथूनच सांगा, गर्दीचा आकार कसा दिसतो?”

“गोल.”

“त्यांना गोल उभं राहा म्हणून कोणी सांगितलं?”

“कोन सांगनार? ज्याला त्याला मधी घुसायचंय.”

“मग हेच कारण! पृथ्वीचा कण न् कण दुसऱ्याला ओढतो, आणि सगळ्यांची मिळून ओढ मध्याकडे. कोपरा बाहेर आला की आत ओढला जातो, कुठे खड्डा पडला की शेजारचे भरतात. इथे जमीन आहे म्हणून नुसतं वर्तुळ झालं. आकाशात कण वरून आणि खालूनही घुसतात, म्हणून चेंडू होतो.”

पाटलाने डोळे बारीक केले. “मंग माझ्या रानातला धोंडा वाकडा का?”

मास्तरांनी पलीकडे बोट दाखवलं. एका म्हाताऱ्या म्हशीपाशी तीन-चार माणसं कशीही, आपापल्या जागी उभी होती. “तिथे गोल झालाय का? थोडी माणसं, थोडी ओढ. लहान धोंड्याची ओढ त्याच्या कठीणपणापुढे कमी पडते. म्हणून त्याचे कोपरे तसेच राहतात.”

“आन अकोल्याकडचं घाटातलं डोंगर? ते का न्हाई दबलं?”

“गर्दीत बापाच्या खांद्यावर पोरं बसलीत, ते डोंगर. एक पोर पेलतं. त्याच्या खांद्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं चढवा, बाप खाली बसतो की नाही? डोंगरालाही तेवढीच मुभा. एवढ्या मोठ्या पृथ्वीपुढे तो खांद्यावरच्या पोराएवढासुद्धा नाही.”

पाटलाने गर्दीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग त्याने वाकून हात पुढे केला. “वर या मास्तर. हितनं बेस दिसतंय.”

सगळ्या बाजारादेखत मास्तर तो हात धरून गाडीत चढले. त्या क्षणी त्यांना केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! नगरच्या परीक्षेत पहिले आले होते तेव्हाही इतका वाटला नव्हता.

सोमवारी पाटलाची तिन्ही पोरं आली आणि गुमान खिडकीखाली बसली. घरचं बजावणं सुटलेलं नव्हतं.  मास्तरांनी मधल्या रिकाम्या जमिनीवर कागद पसरला, लोहाराकडून आणलेला लोखंडाचा कीस त्यावर टाकला आणि खालून चुंबक फिरवू लागले. कीस उभा राहून चालू लागला.

आधी पाटलाचा धाकटा, बन्सी, बसल्या बसल्या पुढे सरकला. मग दाराकडचा आसाराम. थोड्या वेळाने मास्तरांनी मान वर केली, तर खिडकीची भिंत मोकळी, दाराशी कोणी नाही. सगळी पोरं गुडघ्याला गुडघा भिडवून त्यांच्याभोवती दाटली होती.

दारात पाटील उभा होता. पोरं कुठे बसलीत हे बघायलाच आला असावा. त्याने बन्सीला हाक मारायला तोंड उघडलं, पण नजर घोळक्याच्या मधोमध वळली. त्याने पायातल्या वहाणा काढल्या आणि तो आत आला.

“सरका की रं जरा,” आसारामच्या खांद्यावर हात टेकून तो खाली बसत म्हणाला, “मला दिसंना.”