काचेतलं देवघर

अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बर गावातले एक काका भूल देणारे डॉक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून शेजारी पेशंट झोपलाय अशा बेताने बोलतात. "ड्राइव्ह करशील का गं? हायवे आता नको वाटतो," असं हळूच विचारतात. सकाळची पूजा आटोपून, कपाळावर ओलं गंध घेऊनच गाडीत बसतात. आणि दर खेपेला आम्ही त्याच जपानी म्युझियममध्ये जातो.

तलवारी, किमोनो यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. सरळ शेवटच्या खोलीत जातात. तिथे काचेआड एक काळं लाकडी देवघर आहे, इथल्याच कुणा जपानी कुटुंबाचं, मुलांनी म्युझियमला देऊन टाकलेलं. काका बूट काढून त्याच्यासमोर उभे राहतात. गार्ड म्हणतो, "सर, शूज प्लीज." काका सॉरी म्हणून बूट घालतात आणि पुढच्या वेळी परत काढतात. मला अवघडल्यासारखं होतं. मी उगाच फोनमध्ये बघत राहते.

परवा त्यांनी गार्डलाच विचारलं, "इंडियन देव घेता का तुम्ही?"

तो हसला. "सॉरी सर, ओन्ली जॅपनीज."

गाडीत काका बराच वेळ सीटबेल्ट न लावता बाहेरचा बर्फ बघत बसले.

"माझ्यानंतर देवांचं काय, असं मुलाला विचारलं," ते तशाच हळू आवाजात म्हणाले. "तो म्हणाला, डोन्ट वरी बाबा, स्टोरेजमध्ये ठेवू. पण त्यांना रोजच्या अंघोळीची सवय आहे गं."